ब्याड म्हणायचं राहिलं

दुपारी साडेतीनच्या सुमाराला आमच्या भिंतीला सायकल टेकवल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराआड व्हायचे. सायकल आमच्या पेढीवरच्या दिवाणजींची. साठीला टेकलेला, सदऱ्याची वरची गुंडीही कधी उघडी न ठेवणारा माणूस. बोलणं इतकं हळू की मार्केट यार्डातले हमाल त्यांची चेष्टा करायचे, "दिवाणजी, जरा बोला की, आमाला वाटलं घरला गेलासा." अशा माणसाला घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी घाबरायचे ते त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीला. त्या पिशवीत महिन्यातून एकदा बँकेचं पाकीट असायचं.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती आणि माझ्या लग्नाला दोन. सासर कोल्हापुरात, गुळाच्या अडतीचं. शेतकऱ्यांचा गूळ आमच्या दुकानी उतरायचा, तिथं त्याचे सौदे व्हायचे आणि व्यापारी माल उचलायचे. सासऱ्यांना सगळं यार्ड अप्पा म्हणायचं, मीही अप्पाच म्हणायचे. सासूबाई म्हणजे अव्वा. त्या निपाणीकडच्या, त्यामुळं घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. माझ्या नवऱ्याचं खतांचं दुकान पेठ वडगावला. ते सकाळी डबा घेऊन गेले की दिवेलागणीला परत. मी हातकणंगल्याची, स्टेशनाला लागून घर. गाडी आली की तिच्यावर आवाज काढून बोलायची सवय. माहेरी मला 'भोंगा' म्हणायचे. सासरी आल्यावर तो भोंगा बंद पडला. कुणी बंद केला असं नाही, नव्या घरात आपोआप पडतो तसा.

अव्वांनी मला शिकवलेला पहिला कानडी शब्द 'ब्याड'. ब्याड म्हणजे नको. त्यांच्या भाच्याच्या लग्नात पंगतीला बसताना त्या माझ्या कानाशी लागल्या, "पोट भरलं की पानावर हात आडवा धर आनि ब्याड म्हन. गप बसलीस तर वाडतच ऱ्हातील, बग." मी लाजले आणि गप्प बसले. गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, चार वेळा पानात पडली आणि टाकायची नाही म्हणून चारही वेळा खाल्ली. रात्रभर ओवा चावत बसले होते.

पेढीवरचा कायदा मात्र याच्या नेमका उलटा. लग्नानंतर अप्पांनी मला एकदा हौसेनं सौदा दाखवायला नेलं. गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, ओळीनं मांडलेले. व्यापारी यायचा, रव्याची कोर काढायचा, जिभेवर ठेवायचा. पटलं तर भाव बोलायचा, नाही पटलं तर हात झटकून पुढच्या रव्याकडं. ना कुणी त्याला हाक मारायचं, ना विचारायचं. "ती वानगी," अप्पा म्हणाले. "वानगी खाल्ली म्हनून कुनी गिऱ्हाईक हुत न्हाय. सौद्यात तोंड उघडलं तरच मानूस बांधला जातो. गप म्हंजे न्हाय." मला ते फार आवडलं होतं. किती सभ्य व्यवहार, असं वाटलं होतं.

कार्ड घरात आलं ते असंच. बँकेकडून टाय लावलेला एक पावणा पेढीवर आला आणि अप्पांना क्रेडिट कार्ड देऊन गेला. आजन्म फुकट, म्हणाला. अप्पांना ते कशाशी खातात ठाऊक नव्हतं, पण मॅनेजर ओळखीचा, नाही कसं म्हणायचं. वर्षभर ते कार्ड दिवाणजींच्या ड्रॉवरमध्ये कुलपांच्या किल्ल्यांशेजारी पडून होतं. मग घरी कॉम्प्युटर आला, नेट आलं, आणि मी, स्टेशनाजवळची पोर, घरबसल्या रेल्वेची तिकिटं काढून दाखवली. अप्पा तिकिटाचा कागद घेऊन यार्डात सगळ्यांना दाखवत फिरले. "सुनंनं काडलंय. रांग न्हाय, काय न्हाय." त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यानंतर तू पेढीवर येऊन बसायचं. कॉम्प्युटर तिकडं लावू." आमच्या अख्ख्या ओळीत गादीवर बाईमाणूस बसलेलं नव्हतं. मी वर वर नुसती मान हलवली. आत भोंगा वाजत होता.

अट एकच होती. कार्ड रेल्वे सोडून कशालाही वापरायचं नाही. आणि ते राहणार दिवाणजींकडं. मला लागलं की मी पेढीवर फोन करायचा, ते सायकलवरून कार्ड घेऊन यायचे, मी तिकीट काढीपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर चहा घेत बसायचे आणि कार्ड परत न्यायचे. जाण्याआधी खिशातून तळहाताएवढी वही काढायचे आणि तारीख, कार्ड कुणी घेतलं, कशासाठी, एवढं बारीक अक्षरात लिहायचे. "ऱ्हावंदे वैनी, आपलं नोंदीला आसलेलं बरं," म्हणायचे.

घोळ झाला तो माझ्या एका चुलत जावेमुळं. ती पुण्याची, कंपनीत नोकरीला. श्रावणात घरी पूजेला आली होती. चार पाहुण्यांसमोर मला इंग्रजीत म्हणाली, तुम्ही किती गप्प असता हो. मला कळलं सगळं, पण उत्तर त्याच भाषेत द्यायचं होतं आणि ते येईना. मी हसले. मला, भोंग्याला, कुणी गप्प म्हणावं! दोन दिवस जेवण गेलं नाही. मनाशी ठरवलं की इंग्रजी शिकायचं, आणि चांगलं बोलण्यासाठी नाही, भांडता यावं म्हणून शिकायचं.

त्यानंतर आठवड्याभरानं मुंबईची तिकिटं काढायची होती. दिवाणजी कार्ड देऊन कट्ट्यावर बसले. गाडीला जागाच नव्हती. मी तसं खिडकीतून सांगितलं आणि सहज दुसरं पान उघडलं. इंग्रजी संभाषणाचे धडे, परदेशातली कंपनी, हसणारी बाई, आणि मोठ्या अक्षरांत, सात दिवस ट्रायल, अगदी मोफत. खाली कार्डाचा नंबर मागितला होता, नुसता ओळखीसाठी म्हणून. कार्ड हातात होतं. ट्रायल म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ट्रायल म्हणजे वानगी. कोर तोडायची, जिभेवर ठेवायची. नंबर घातला. बाहेर दिवाणजींचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला तशी मी दचकले, पण तेवढंच.

चार दिवस दुपारी अव्वा झोपल्या की मी कानाला हेडफोन लावून त्या बाईच्या मागं पुटपुटायचे. मला एक कप चहा मिळेल का. आजची हवा किती छान आहे. भांडणाचा धडा काही येईना. पाचव्या दिवशी मी कंटाळले, पान बंद केलं आणि विसरून गेले. नको म्हणून कुठं सांगावं लागतं, हे डोक्यातही आलं नाही. हात झटकून पुढच्या रव्याकडं.

पहिल्या बिलात अठराशेच्या वर एक रक्कम होती. दिवाणजींना ती तिकिटांची वाटली आणि त्यांनी चेक लिहून टाकला. मला पत्ताच नाही. दुसऱ्या महिन्यात परत तीच रक्कम आली, तेव्हा ते पाकीट घेऊन दुपारी घरी आले. "वैनी, ह्ये कसलं म्हनायचं हो? ह्या म्हैन्यात तर तिकीट काडलेलं न्हाय."

कागदावर इंग्रजी अक्षरांचा एक तुकडा, एक चांदणी, पुढं आकडे. कंपनीचं नावसुद्धा नव्हतं धड. पण त्याच्या शेवटी त्या धड्यांच्या पानाचं अर्धं नाव चिकटलेलं होतं, आणि ते मला ओळखू आलं. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "रेल्वेचंच आसंल. मागचं काय तरी."

"मग बरोबर," ते म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावून गेले. माझ्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास बघून मला रडू यायला हवं होतं. मला नुसतं हुश्श वाटलं. ते हुश्श आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

त्या दिवसापासून भीतीनं घर केलं. कॉम्प्युटर उघडला की वाटायचं, ती हसणारी बाई आतून बघतेय. धड्यांच्या पानावर 'बंद करा' असं कुठं दिसेना. दिसलं तेव्हा त्यानं पासवर्ड मागितला, तो मी विसरले होते. नवीन मागवला, तो आला नाही. मग वाटलं, या लोकांकडं कार्डाचा नंबर आहे, उद्या अठराशेच्या जागी अठरा हजार काढले तर? पेढीवरचा सगळा पैसा त्याच बँकेत. शेतकऱ्यांचे पैसे त्यातूनच जायचे. कार्ड वेगळं, खातं वेगळं, हे आज कळतं. तेव्हा मला पेढीला बाहेरून कुलूप लागलेलं दिसायचं. भाजी चिरताना दिसायचं, देवापुढं दिवा लावताना दिसायचं.

एका दुपारी अव्वा झोपलेल्या असताना बँकेच्या नंबरावर फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मध्ये बारा मिनिटं बासरी. शेवटी एक मुलगी आली आणि म्हणाली, कार्ड ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन द्या. मी फोन बाजूला धरला, घसा खाकरला आणि जाड आवाज काढून म्हणाले, "बोला, मीच." स्टेशनवरचा आवाज पहिल्यांदा सासरी कामाला आला. तिला पटलंही. मग तिनं जन्मतारीख विचारली. अप्पांची खरी जन्मतारीख अप्पांनाही ठाऊक नाही; शाळेत घातली असेल ती एक जून. म्हटलं एक जून. बरोबर निघालं! मग साल विचारलं. मी साल चुकले, ती थांबली, आणि "सर?" म्हणाली. त्या 'सर'मध्ये तिला सगळं कळलंय असं मला वाटलं. फोन ठेवला आणि अर्धा तास त्याच्याजवळ बसून राहिले, की आता पोलिसांचाच फोन येणार.

कंपनीला मी तुटक्या इंग्रजीत ई-मेल केला. उत्तर तीन दिवसांनी आलं, शब्दकोश घेऊन बसले तेव्हा लागलं. सात दिवसांत आपल्याकडून नकार आला नाही, त्यामुळं आपण सभासद झाला आहात, अभिनंदन. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. नकार आला नाही. म्हणजे मी गप्प बसले होते आणि ते वाढत होते. कंपनीला मी सौदा समजले होते, ती पंगत निघाली. आणि अव्वांनी मला तो कायदा कानात सांगितला होता, फक्त कुठल्या जागी कुठला हे मी चुकले. 'नको आहे, बंद करा' असा उलट ई-मेल केला. त्याला मात्र उत्तर आलं नाही.

तिसरं बिल दिवाळीच्या तोंडावर आलं, आणि या वेळी अप्पांनी ते स्वतः उघडलं.

रात्री जेवताना ते मला म्हणाले, "तीन म्हैनं कुनीतरी कार्डावर पैसं काडतंय. तू काडलंस?"

माझ्या हातात भाकरी होती. मी मान हलवली. नाही.

"मी न्हाय, तू न्हाय. कार्ड कुनाच्या ड्रॉवरात ऱ्हातंय?"

अव्वा म्हणाल्या, "आवं, तीस वरसं झाली त्या मानसाला."

"म्हनून तर," अप्पा म्हणाले. "तीस वरसांनी मानसाला वाटतं, कोन बगतंय."

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत ताटात. दिवाणजींनी नुकताच लेकीला मोबाईल घेतला होता, तेही कुणाला तरी आठवलं. एवढ्या वर्षांत त्या माणसानं पेढीवरचा गुळाचा खडा चहाला नेला नव्हता. पण संशयाचं असंच असतं, एकदा आला की माणसाच्या चपलासुद्धा नव्या दिसायला लागतात.

मला एक मार्ग दिसत होता, आणि तोच मला सगळ्यांत जास्त घाबरवत होता. ती छोटी वही. त्यात श्रावणातल्या त्या तारखेला 'वैनी' लिहिलेलं असणार आणि पुढं 'तिकीट नाही'. कार्ड हातात आणि तिकीट नाही, म्हणजे मीच. दिवाणजींनी ती उघडून समोर धरली की संपलं. पेढीवर बसायचं राहिलंच. खोटं बोललेल्या सुनेला या घरात कोण कशाला विचारणार होतं? माहेरी बापाला निरोप जाईल, तो मान खाली घालून येईल, इथपर्यंत मी जाऊन यायचे. मी देवाला हात जोडून काय मागत होते, ते सांगायची लाज वाटते. ती वही हरवू दे, असं मागत होते.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी अप्पा पेढीवरून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि अव्वांना म्हणाले, "वही बगितली मी. त्याच्याच अक्षरात हाय सगळं." बस, एवढंच. मला वाटलं, चेक दिवाणजींनी लिहिले म्हणून म्हणत असतील. श्रावणातली ती नोंद त्यांनी केलीच नसावी. मला सुटल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी, मी सुटले म्हणजे कोण अडकलं, तेही कळलं. तरी मी चकल्या तळत राहिले.

पाडव्याला आमच्या पेढीवर वह्यांची पूजा होते, नव्या हंगामाचा पहिला सौदा होतो, आणि त्याआधी मालक आपल्या हातानं माणसांना विडे देतो. पहिला विडा दिवाणजींना, सोबत नवी वही. ज्याला ठेवायचं नाही त्याला कुणी तोंडानं काही म्हणत नाही. त्याचा विडा ताटातच राहतो. तो माणूस समजतो आणि उठतो. अव्वांनी मला हे सकाळी साडी नेसताना सांगितलं. ताट धरायचा मान त्या वर्षी माझा होता.

यार्डात झेंडूच्या माळा, फटाक्यांचा धूर, गुळाचा वास. हमाल नवे रुमाल बांधून उभे होते. शेतकरी, व्यापारी, दहाबारा माणसं. दिवाणजी नेहमीच्या जागी, गादीच्या कडेला, इस्त्रीचा सदरा घालून मांडी घालून बसले होते. पूजा झाली. अप्पा उठले. मी ताट घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. ताटात मी सात विडे मोजून लावले होते.

अप्पांनी पहिला विडा तोलाराला दिला.

हमाल एकमेकांकडं बघायला लागले. दुसरा मुकादमाला. मग हमालांना, एकेक. नवी वही अप्पांच्या डाव्या काखेत तशीच होती. माझं लक्ष ताटावर होतं, कारण वर बघायची ताकद नव्हती. पानं कमी होत गेली आणि एक राहिलं. अप्पांनी हात पुसला.

दिवाणजींनी चष्मा काढून डब्यात ठेवला, खिशातून ड्रॉवरची किल्ली काढली आणि गादीवर, अप्पांच्या पायांपासून वीतभर अंतरावर ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांच्या चपला दाराशी होत्या. एक चप्पल कुणाच्या तरी पायानं उलटी झाली होती, ती ते वाकून सरळ करायला लागले.

माझ्या हातातलं ताट कललं आणि सुपारी घरंगळून खाली पडली. मला धीर आला म्हणून मी बोलले असं कुणी समजू नये. तो माणूस दाराबाहेर गेला तर मला जन्मभर या उलट्या चपलेची भीती वाटणार, एवढंच मला वाटलं, आणि ती भीती बाकीच्या सगळ्या भीतींपेक्षा मोठी निघाली.

"अप्पा, एक विडा ऱ्हायलाय," मी म्हणाले.

"ऱ्हावंदे."

"अप्पा, त्ये पैसं माज्यामुळं गेलं. मी कार्डाचा नंबर दिलता. इंग्रजी शिकायला. दिवाणजींचा काय संबंद न्हाय."

भोंगा परत वाजला होता. यार्डाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू गेलं असेल. अप्पा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांचं ते गप्प असणं नको म्हणणारं आहे की हो म्हणणारं, मला कळेना. मग त्यांनी मान वळवली आणि दिवाणजींकडं बघितलं. फार वेळ बघितलं. मला तेव्हा वाटलं, संशय घेतल्याचं वाईट वाटतंय. त्यांनी ताटातला विडा उचलला, नवी वही त्याच्याखाली धरली, दारापर्यंत गेले आणि कधी कुणापुढं न वाकणारा तो माणूस वाकला. विडा दोन्ही हातांनी पुढं केला. दिवाणजींनी तो घेतला, चपला परत काढल्या आणि जागेवर येऊन बसले. मला अप्पा फक्त एवढंच म्हणाले, "तू घरला जा."

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "चल बँकेत." वाटेत मी त्यांना ट्रायलचं आणि त्या 'अभिनंदन'चं सगळं सांगितलं. बँकेतल्या मुलीनं सांगितलं की नुसतं कार्ड कापून भागणार नाही, कार्ड बंद करायचा अर्ज द्यायचा आणि न पटलेल्या रकमेची तक्रार वेगळी लिहून द्यायची. तिनं फॉर्म दिला. कारणाच्या रकान्यापाशी अप्पा थांबले, मग मोठ्या अक्षरात 'ब्याड' लिहिलं. ती मुलगी म्हणाली, "आजोबा, हे काय?" अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "हिला इचारा. हिला म्हनायचं ऱ्हायलंतं." मला हसूही आलं आणि रडूही. एका महिन्याची रक्कम परत मिळाली, बाकीची गेली ती गेली. पण चौथं बिल आलं नाही.

पेढीवर बसायची गोष्ट परत निघाली नाही. मी काढली नाही, त्यांनीही नाही. ती निघाली दोन वर्षांनी, दिवाणजींचे डोळे अधू झाले आणि ते घरी बसले तेव्हा. जाण्याआधी त्यांनीच अप्पांना म्हटलं होतं, "वैनींना घ्या. त्या बोलत्यात."

मी त्यांच्या जागी बसले. पहिल्याच आठवड्यात ड्रॉवर झाडताना, मागच्या कोपऱ्यात, ती तळहाताएवढी वही सापडली. देवाला हरवायला सांगितलेली. मी श्रावणातलं पान काढलं. नोंद होती. तारीख होती, 'तिकीट नाही' होतं. आणि 'कार्ड घेतले' याच्या पुढं 'वैनी' लिहिलेलं, नीट पट्टी धरून, खोडलेलं होतं. त्याच्यावर, त्याच बारीक अक्षरात, वेगळ्या शाईनं लिहिलं होतं, 'मी'.

हेच पान अप्पांनी पाडव्याच्या आदल्या दिवशी बघितलं होतं. मी गप्प बसले असते तर हाच पुरावा होता आणि तो दिवाणजींनी स्वतःच स्वतःविरुद्ध लिहून ठेवला होता. म्हणजे त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं. माझ्या 'रेल्वेचंच आसंल' वर 'मग बरोबर' म्हणाले तेव्हासुद्धा.

बाहेर सौदा चालू होता. कुणीतरी रव्याची कोर तोंडात टाकून न बोलता पुढं गेलं. मला एवढी भीती आधी कधी वाटली नव्हती, ना फोनवर, ना पाडव्याला. मी पेढीवरच्या माणसांसमोर ती वही पदराखाली घेतली, आणि दुपारी साडेतीनला, ते यायचे त्या वेळी, त्यांच्या घरी गेले. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. "कोन?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले, आणि ती वही त्यांच्या हातात ठेवली.